उसनं पीस

जरा डोळे मिटा बघू. आता एक खोली मनात आणा. केवढी? तुमच्या शाळेचं मैदान घ्या, त्याला तसलीच पाचसहा मैदानं जोडा, वर पत्र्याचं उंच छप्पर घाला आणि सगळीकडे एसीचा गार वारा सोडा. बाहेर वाळवंट आहे. ऑक्टोबर लागला तरी ऊन अजून नरमलेलं नाही. आत एका बाजूला काचेच्या कपाटांत बंदुका, पुढे तंबू, त्यापुढे वाळूत पळणाऱ्या गाड्या, मग खजुरांचे डोंगर आणि वेलदोड्याच्या कॉफीचा वास. आणि या सगळ्याच्या मधोमध, जमिनीत रोवलेल्या बुटक्या खुंट्यांवर ओळीने बसलेले ससाणे. प्रत्येकाच्या डोक्यावर डोळे झाकणारी चामड्याची इवलीशी टोपी. टोपी असली की ससाणा शांत बसतो. समोर माणसांची जत्रा भरली आहे हे त्याला दिसतच नाही.

रियाधच्या उत्तरेला मल्हम नावाचं गाव आहे, तिथे शिकारीचं आणि संवर्धनाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथली ही खोली. शिकार आणि संवर्धन एकाच छपराखाली कसं, असं तुमच्या मनात आलं असेल. प्रश्न बरोबर आहे. पण पक्षी कमी झालेत हे सगळ्यांच्या आधी कळतं ते रोज पक्ष्याच्या मागे जाणाऱ्यालाच. त्यामुळे इथे एका स्टॉलवर बंदूक विकणारा उभा असतो, आणि शेजारच्या स्टॉलवर मोडक्या पंखाचा ससाणा बरा करून रानात सोडणारा.

दिसली खोली? मग आता एका कोपऱ्यात, पक्ष्यांच्या दवाखान्याच्या स्टॉलवर, एक लांबट ट्रे ठेवा. ट्रेमध्ये पिसं मांडली आहेत. ट्रेसमोर एक उंच, चष्मा लावलेला, दुसऱ्याच विचारात हरवलेला माणूस उभा करा. त्यानं हात पुढे केला, एक पीस उचललं, आणि देठाकडचं टोक सरळ कानात घातलं. डोळे अर्धे मिटले. पीस हळूहळू फिरू लागलं.

"अहो! काढा ते कानातनं!"

मल्हमच्या त्या गर्दीत अस्सल मराठीतून ओरडा आला, तसा तो माणूस शाळेत पकडला गेल्यासारखा दचकला. दचकताना त्याची मूठ वळली. मुठीत पीस होतं.

ओरडली होती ती शिवांगी. डॉक्टर शिवांगी, मूळची संगमनेरची, त्या दवाखान्यात पक्ष्यांवर उपचार करणारी. काळा अबाया, डोक्याला रुमाल, तोंडावर मास्क. त्या वेषात ती मराठी असेल असं कुणालाही वाटलं नसतं.

"तुम्ही... मराठी?" त्यानं विचारलं.

"आधी हात उघडा."

त्यानं उघडला. पीस बरोबर मध्यात वाकलं होतं.

"उजव्या पंखाचं तिसरं," शिवांगी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "शाहीन ससाण्याच्या मादीचं. अख्ख्या दवाखान्यात असं एकच होतं."

"होतं?"

"आता तुमच्या हातात जे आहे ते."

"सॉरी हो. म्हणजे – सवय. आमच्या कऱ्हाडला आजोबांच्या खिशात कोंबडीचं पीस कायम असायचं. जेवण झालं की कानात. इतकं बरं वाटतं की–"

"कोंबडीचं ना? मग कोंबडी शोधा. या हॉलमध्ये एकही नाही."

"बाबा, दॅट इज सो ग्रॉस," त्याच्या कोपराजवळून एक मुलगी म्हणाली. दहा वर्षांची, दोन वेण्या, गळ्यात पाण्याची बाटली. तिचं नाव स्वानंदी, आणि बापाचं उन्मेष.

स्टॉलवर नोंदी बघणारी आलिमा खुर्चीतच वाकून हसत होती. ती श्रीवर्धनची, लग्न होऊन रियाधला आली ती इथलीच झाली. "अगो शिवांगी, इतकी गिऱ्हाइकं बघितली मी, पण कान साफ करून घ्यायला आलेलं पहिलंच! काय हो भाऊ, काम काय करता?"

"बँकेत आहे. रिस्क डिपार्टमेंट." उन्मेषनं नाइलाजानं सांगितलं. "धोका आधी ओळखायचा... असं काम."

आलिमाला पुन्हा हसू फुटलं. शिवांगी हसली नाही.

"आणि तसं बघितलं तर," तो चष्मा सावरत म्हणाला, "तुम्ही ओरडला नसतात तर ते वाकलं नसतं."

तो म्हणत होता ते खरं होतं. शिवांगीनं त्याच्या तळहातावरून पीस अलगद उचललं.

"गरम पाणी आणा," ती म्हणाली. "पळा."

तो पळाला. परत आला तेव्हा त्याच्या दोन हातांत दोन कागदी पेले आणि स्वानंदीच्या हातात तिसरा. "किती लागेल ते विचारलंच नाही," तो धापा टाकत म्हणाला.

आता इथे जरा थांबू. पीस म्हणजे काय? आपली नखं ज्या पदार्थाची असतात, साधारण तसल्याच पदार्थाचं ते असतं. वाकलं, पण तुटलं नसेल, तर गरम पाण्यात धरलं की ते मऊ होतं आणि आपल्या मूळच्या आकारावर परत येतं. शिवांगीनं पीस पेल्यात धरलं. तीन डोकी त्या पेल्यावर वाकली. वाफ चष्म्यावर चढली, म्हणून उन्मेषनं चष्मा काढला, आणि शिवांगीला पहिल्यांदा त्याचे डोळे दिसले. थकलेले होते, पण पिसाकडे अशा काळजीनं बघत होते की तिचा राग अर्धा तिथेच विरला.

पीस हळूहळू सरळ झालं.

"वाचलं?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"वाकल्याची खूण राहील. पण चालेल." मग तिला काय वाटलं कोण जाणे. "उद्या लावणार आहे. बघायचं असेल तर या. हात खिशात ठेवून."

*

संध्याकाळी आलिमाचा नवरा गफूर दोघींना न्यायला आला, तेव्हा त्याच्या पिकअपमध्ये कुणाच्या तरी तंबूचं सामान भरलेलं होतं. जागा एकाच माणसाची.

"यल्ला, चला, मी जाते ह्याच्याबरोबर," आलिमा म्हणाली, आणि पार्किंगमध्ये गाडी शोधणाऱ्या उन्मेषला तिनं मोठ्यानं हाक मारली. "अहो कानवाले भाऊ! आमच्या डॉक्टरीणबाईंना मलाझपर्यंत, त्यांच्या खोलीवर सोडाल का? तुमची गाडी रिकामीच असेल!"

"आलिमा!"

"काय आलिमा? रिस्क डिपार्टमेंट आहे, सांभाळून नेतील."

शिवांगीनं सवयीनं गाडीचं पुढचं दार उघडलं. आणि तिच्या हाताखालून एक वेणी पुढे आली.

"दॅट्स माय सीट," स्वानंदी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नियम सांगावा तसं तिनं ते सांगितलं.

"स्वानंदी..." उन्मेष ओशाळला.

"बाबा, तूच म्हणालास! दहा वर्षांची झाले की पुढची सीट माझी. आजी आली होती तेव्हा तीपण मागेच बसली होती. तिचे गुडघे दुखत होते तरी."

"बरोबर आहे," शिवांगी म्हणाली आणि मागे बसली. पुढची सीट पार पुढे ओढलेली होती, स्वानंदीचे पाय खाली टेकावेत म्हणून. मागे ऐसपैस जागा होती.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना वाळू गुलाबी होत चालली होती. मग स्वानंदीच समोर बघत म्हणाली, "माझी आई नाहीये. मी तीन वर्षांची होते तेव्हा ती आजारी पडली. म्हणून आम्ही दोघंच आहोत." जणू मागे बसलेल्या बाईला गाडीची माहिती देत होती.

शिवांगीनं मान वर केली. आरशात दोन डोळे तिच्याकडे बघत होते. ते लगेच रस्त्यावर गेले. थोड्या वेळानं पुन्हा आरशात आले... तेव्हा मात्र नजर तिनंच वळवली. प्रेमाच्या गोष्टीत पाऊस लागतो म्हणतात. इथे पावसाचा पत्ता नव्हता. वीतभर लांबीचा एक आरसा होता, तेवढ्यावर भागलं.

*

दुसऱ्या दिवशी उन्मेष हात खिशात घालूनच आला. काखेत एक थर्मास होता.

"हे काय?"

"गरम पाणी. लागलंच तर असावं."

"ऑफिस नाही तुम्हाला?"

"रजा टाकली."

"काय सांगून?"

तो क्षणभर घुटमळला. "कान दुखतोय म्हणून."

आणि शिवांगी हसली. तिचं हसू मोठं होतं, त्या हॉलमध्ये दोन ससाण्यांनी टोपीखालून माना वळवल्या इतकं.

शाहीन टेबलावर कापडात गुंडाळून ठेवली होती, डोक्यावर टोपी. तिच्या बाजूला उसामा उभा होता. कतीफचा हा मच्छीमार. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या त्याच्या जाळ्यात ही मादी अडकली, सुटायच्या धडपडीत उजव्या पंखाचं तिसरं पीस मोडलं, आणि उसामा तिला खोक्यात घालून रियाधपर्यंत घेऊन आला. प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी ती रानात सोडायची होती. एवढ्या दिवसांत दोघातिघांनी त्याला चांगला भाव देऊ केला होता, पण त्याची मान हलली ती आडवीच.

"एकच तर पीस," स्वानंदी म्हणाली. "बाकीची आहेत ना?"

"एक गेलं की त्याचा भार शेजारच्यावर येतो," शिवांगी हात चालवता चालवता म्हणाली. "मग तेही मोडतं. मग त्याच्या शेजारचं. म्हणून रिकामी जागा तशीच ठेवायची नाही."

तिनं मोडक्या पिसाचा खुंट नीट कापला. पिसाचा देठ आतून पोकळ असतो. त्या पोकळीत बांबूची बारीक काडी बसवली, काडीचं दुसरं टोक ट्रेमधल्या पिसात, सांध्यावर थेंबभर डिंक. डावं उजवीकडे चालत नाही, मोठं लहानाला चालत नाही, आणि केसाएवढंही फिरवून बसवलं तर पक्षी तिरका उडतो. स्वानंदी इतकी जवळ आली की तिच्या श्वासानं पिसाचा कडेचा भाग हलू लागला.

"हे कुणाचं होतं?"

"दुसऱ्या एका शाहीनचं. तिचं गळून पडलं, मी जपून ठेवलं."

"मग हिला कळेल का, की हे दुसरीचं आहे?"

शिवांगीनं थोडा विचार केला. मुलांच्या प्रश्नाला घाईनं उत्तर द्यायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. "बसल्यावर कळत असेल. सारखी चोच लावून बघते. पण उडायला लागली की नाही कळत."

"आणि तिचं स्वतःचं?"

"ते येईल पुढच्या मोसमात. त्याची जागा त्याचीच असते. हे उसनं आहे, मधल्या काळात तिला उडता यावं म्हणून."

स्वानंदीनं त्या पिसाकडे एकदा वाकून बघितलं. त्या दिवशी संध्याकाळीही ती पुढेच बसली.

गफूरच्या पिकअपमध्ये मात्र रोज काही ना काही सामान निघू लागलं. एकदा गालिचे, एकदा नुसतीच रिकामी खोकी. आलिमाला विचारलं तर ती म्हणे, "प्रदर्शन आहे गो, सामान असायचंच." थर्मासमध्ये आता गरम पाण्याऐवजी आल्याचा चहा येऊ लागला. पार्किंगपासून हॉलपर्यंत चालताना उन्मेष कऱ्हाडच्या कोंबड्यांच्या गोष्टी सांगे, शिवांगी संगमनेरच्या. कुणाच्या कोंबड्या जास्त हुशार, यावर त्यांचं रोज भांडण होई.

"तुमच्या कोंबड्यांना पिसं तरी होती का?" ती विचारी. "की सगळी आजोबांच्या खिशात?"

"डावी-उजवी वेगळी लावून ठेवली होती, डॉक्टर. तुम्हाला दाखवायला."

*

थर्मासचं झाकण उघडता उघडता आलिमाच एकदा म्हणाली, "चांगला होतो हो तुमचा चहा. पण आता कुणाला पाजणार? खलास, संपलं, ही तर चालली."

"कुठे?"

"संगमनेरला. प्रदर्शन संपलं की हिचा करारही संपला. दवाखाना म्हणतोय राहा. ही म्हणते, बघते. बघते म्हणजे जातेच. तीन वर्षं खोलीवर जाऊन टीव्हीशी बोलतेय, कंटाळली बिचारी. एकदा खुरूज लागला, देश सोडल्याचा शिक्का, की परत कोण येतंय?"

शिवांगी ट्रेमधली पिसं नीट लावत होती. लावलेलीच पिसं ती पुन्हा लावत होती. उन्मेषनं पेला भरला. पेला भरून चहा टेबलावर आला, तरी तो ओततच होता.

"रिस्क डिपार्टमेंट," आलिमा म्हणाली, "सांडलं."

*

शेवटच्या दिवशी दुपार कलल्यावर सगळे हॉलमागच्या उघड्या माळावर गेले. वारा पडला होता. उसामाच्या हाताला चामड्याचं जाड आवरण, त्यावर शाहीन. स्वानंदी त्याच्या शेजारी उभी होती. शिवांगी आणि उन्मेष थोडे मागे.

उसामानं दातांनी आणि बोटांनी टोपीची वादी सैल केली, टोपी काढली. शाहीननं काळेभोर डोळे उघडून आधी उसामाकडे बघितलं, मग वाळूकडे. उडाली नाही. मान वळवून उजव्या पंखातलं ते तिसरं पीस चोचीत धरलं.

"उपटणार ती," स्वानंदी घाबरून म्हणाली.

शिवांगीचे हात अबायाच्या बाहीत घट्ट झाले. उन्मेषनं ते पाहिलं. तो पक्ष्याकडे बघतच म्हणाला, "डॉक्टर... तुम्ही थांबाल का?"

"कुठे?"

"इथे. म्हणजे रियाधला. म्हणजे–" त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मला नीट बोलता येत नाही. गेल्या सात वर्षांत मी घरी कुणासाठी चहा केला नव्हता. आता थर्मास भरताना किती गोड हवा, आलं किती हवं, असा विचार येतो. तेवढंच सांगायचं होतं."

शिवांगीनं बाहीतले हात सोडवले. मग हळूच म्हणाली, "आईला फोन करून सांगायचं होतं, येते म्हणून. रोज फोन हातात घेते. रोज वाटतं, उद्या करू."

"मग?"

"मग काय... मला तुमचा चहा आवडतो. आणि तुमच्या कोंबड्यांच्या थापा. आणि–" तिनं पुढे उभ्या असलेल्या दोन वेण्यांकडे बघितलं. "पण एक सांगते, उन्मेष. मी मागे बसेन. कितीही दिवस बसेन. कुणाला उठवून मात्र पुढे बसणार नाही. तुम्ही तिला सांगायचं नाही, समजवायचं नाही, चॉकलेट द्यायचं नाही. तिला जागा करावीशी वाटली नाही, तर मी संगमनेरला सुखानं जाईन."

"सुखानं?"

"जाईन," ती म्हणाली. 'सुखानं' हा शब्द तिनं पुन्हा उच्चारला नाही.

तेवढ्यात शाहीननं पीस चोचीतून सोडलं. ते जिथल्या तिथे बसलं. तिनं पंख पसरले, हातावरून खाली झेपावली, वाळूला लागते की काय इतकी खाली गेली, आणि वर उचलली गेली. सरळ. जराही तिरकी नाही. उसामानं हात डोळ्यांवर धरला आणि ती ठिपका होईपर्यंत काढला नाही. मग त्यानं हातातली रिकामी टोपी स्वानंदीच्या तळहातावर ठेवली आणि खिशातून रुमाल काढला.

"नाही कळलं तिला," स्वानंदी आकाशाकडे बघत म्हणाली. कुणाला म्हणाली ते समजलं नाही.

*

पार्किंगमध्ये आलिमानं हाक मारून सांगितलं की आज पिकअपमध्ये भरपूर जागा आहे, पण मला घाई आहे, आणि गफूरला गाडी पळवायला लावली. धूळ बसेपर्यंत उन्मेष आणि शिवांगी तिथेच उभे राहिले. बोलायचं तेवढं बोलून झालं होतं. आता त्याला काही विचारता येत नव्हतं, आणि तिला काही मागता येत नव्हतं. उद्या सकाळी दवाखान्याला हो किंवा नाही सांगायचं होतं.

स्वानंदी केव्हाच गाडीकडे धावत गेली होती.

दोघं सावकाश चालत आले. शिवांगीनं नेहमीप्रमाणे मागचं दार उघडलं. आणि हात दारावर तसाच राहिला.

मागच्या सीटवर स्वानंदी बसली होती. पट्टा लावलेला, शेजारी पाण्याची बाटली, मांडीवर ससाण्याची चिमुकली टोपी. ती खिडकीबाहेर बघत होती, जणू तिथे बघण्यासारखं पुष्कळ काही होतं. पुढचं दार तिनं उघडंच ठेवलं होतं.

शिवांगीनं उन्मेषकडे पाहिलं. त्यानं मान आडवी हलवली. मी काही बोललो नाही, शप्पथ.

"स्वानंदी," शिवांगी म्हणाली, "मी मागे बसते गं. मला चालतं."

"आय नो," स्वानंदी म्हणाली. खिडकीतून नजर तिनं काढली नाही. "पण सीट खूप पुढे ओढलेली आहे, तुमचे पाय मावणार नाहीत. खाली एक दांडी आहे. ती वर उचलायची आणि सीट मागे ढकलायची."

शिवांगी पुढे बसली. दांडी सापडायला तिला थोडा वेळ लागला. सीट कुरकुरत मागे सरकू लागली, तशी स्वानंदीनं टोपी मुठीत धरली आणि जागा व्हावी म्हणून आपले गुडघे पोटाशी ओढून घेतले.